बाटली क्रमांक ५३-एन

निर्जंतुक इंजेक्शने भरणाऱ्या कोणत्याही कारखान्यात, मग तो वाळूजचा असो, तारापूरचा असो की गोव्यातल्या वेर्ण्याचा, नव्या तंत्रज्ञाला एक गोष्ट सुरुवातीलाच बजावली जाते. हातातला चिमटा खाली पडला, तर तो उचलून पुन्हा वापरायचा नाही. काम थांबवायचे, पर्यवेक्षकाला सांगायचे, घटना आणि वेळ बॅचच्या नोंदीत लिहायची आणि दुसरा निर्जंतुक चिमटा घ्यायचा. त्या वेळी ज्या बाटल्या उघड्या होत्या त्यांचे काय करायचे, हे उत्पादन विभाग एकटा ठरवत नाही. शेवटचा शब्द गुणवत्ता विभागाचा असतो. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा व्याप कशाला, असे नव्या माणसाला वाटणे साहजिक आहे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकवाल या गावात असाच एक चिमटा जमिनीवर पडला. सहायकाने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळला आणि त्याच चिमट्याने प्लेगच्या लशीच्या बाटलीचे बूच काढले. बाटलीचा क्रमांक होता ५३-एन. तिच्यातली लस १९ जणांना टोचली गेली आणि ते सगळेच्या सगळे धनुर्वाताने दगावले. लस तयार झाली होती मुंबईत, परळला. ती तयार करणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते वाल्डेमार हाफकिन.

परळची हाफकिन संस्था मुंबईकराला ठाऊक असते ती सर्पदंशावरच्या औषधासाठी नाहीतर पोलिओच्या लशीसाठी. ज्यांचे नाव तिला दिले गेले, त्यांची ओळख बहुतेक वेळा प्लेगची लस शोधणारा शास्त्रज्ञ एवढ्यावर आटोपते. पण शोध लागला तीन महिन्यांत. पुढची सगळी वर्षे गेली ती लस लाखोंच्या संख्येने, दर वेळी तशीच आणि तितकीच निर्धोक बनवण्याच्या खटपटीत. हाफकिन यांची कर्तबगारी तिथे होती आणि त्यांचा घातही तिथेच झाला.

हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, रशियन साम्राज्यातल्या ओडेसा या बंदरातला. घराणे ज्यू. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह हे गुरू लाभले. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवणारे आणि पुढे नोबेल मिळवणारे हेच मेचनिकोव्ह. ज्यूंवर हल्ले होत होते, तेव्हा स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. ते जखमी झाले, त्यांना अटकही झाली. झारविरोधी क्रांतिकारकांशी संबंध ठेवल्याबद्दल पोलिसांची नजर त्यांच्यावर होतीच. विद्यापीठात पुढे जायचे तर ख्रिस्ती धर्म स्वीकारा, असा एकूण मामला होता. त्यांनी नकार दिला आणि काही वर्षे प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात काम करून काढली.

१८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. एक वर्ष जिनिव्हात शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात गेले आणि मग ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. मेचनिकोव्ह तिथे आधीच पोहोचले होते, पण शिष्यासाठी संशोधकाची जागा रिकामी नव्हती. रिकामी होती ती ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती घेतली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम सुरू केले. तीन वर्षांत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. रशियाला या लशीत रस नव्हता. पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते; बंगालात जाऊन पाहा, असे त्यांनी सुचवले. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. पुढच्या दोन-अडीच वर्षांत त्यांनी बंगालपासून उत्तरेपर्यंत सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली, मलेरियाने खंगून युरोपात परतले आणि १८९६ मध्ये पुन्हा आले.

त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचा पहिला रुग्ण आढळला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सरकारने हाफकिन यांना मुंबईला धाडले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन अप्रशिक्षित मदतनीस मिळाले. आज औषध कारखान्याला परवाना देताना जी जागा, जी माणसे आणि जे शिक्षण मागितले जाते त्यातले इथे काहीच नव्हते.

या व्हरांड्यात त्यांनी जी पद्धत बसवली ती मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. मोठ्या चंबूत मांसरस भरायचा. तो गाईच्या किंवा डुकराच्या मांसाचा असता तर हिंदू आणि मुसलमान दोघांनीही लशीकडे पाठ फिरवली असती, म्हणून बोकडाचे मांस आम्लाने विरघळवून रस काढला. त्यावर तुपाचे थेंब सोडायचे. तूप तरंगते आणि प्लेगचे जंतू त्या तरंगत्या थेंबांना धरून खाली वाढत जातात, गुहेच्या छताला चुनखडीचे सुळके लोंबतात तसे. चंबूला धक्का लागता कामा नये. काही दिवसांनी चंबू हलवला की सुळके तळाशी बसतात आणि थेंबांखाली नवे पीक सुरू होते. असे सुमारे सहा आठवडे. ही लोंबणारी वाढ म्हणजे प्लेगच्या जंतूंची खूणच मानली जाई. मग चंबू गरम करून जंतू मारायचे आणि अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घालायचे, म्हणजे बाटलीत चुकून दुसरे काही शिरले तर ते वाढू नये. स्वयंपाकघरातल्या विरजणाला लागते तशीच शिस्त इथे लागत होती, फरक इतकाच की विरजण बिघडले तर ते फेकून देता येते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचली, नंतर लोकांना दिली गेली त्यापेक्षा बरीच मोठी मात्रा. ताप आला, अंग दुखले, आणि ते काम करत राहिले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे १४७ कैद्यांनी लस घेतली, १७२ जणांनी घेतली नाही. न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडले आणि त्यातले सहा मेले. घेतलेल्यांत दोन आजारी पडले, मेले कोणी नाही. पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंधेरा गावात हाफकिन यांनी अधिक कसोशीने प्रयोग केला. एकाच घरातल्या निम्म्या माणसांना लस द्यायची, निम्म्यांना नाही. म्हणजे घर, हवा, अन्न, उंदीर सगळे सारखे. प्लेग शिरलेल्या घरांत लस घेतलेल्या ७१ जणांपैकी तीन दगावले, न घेतलेल्या ६४ पैकी २६. लशीची चाचणी कशी करावी याची समज तेव्हा युरोपातही कोवळी होती, हे ध्यानात घेतले की या आकड्यांचे मोल कळते. आज अशी वाटणी करताना नीतीचे जे प्रश्न विचारले जातील ते तेव्हा कोणी विचारत नव्हते, हेही खरे.

मुंबई इलाख्यात ते दिवस भयानक होते. पुण्यात घरझडत्या चालल्या होत्या, जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने गेल्या होत्या. सरकारी माणूस सुई घेऊन दारात आला की लोक घाबरत. मुंबईत तरुण आगाखान यांनी पुढाकार घेऊन स्वतः लस टोचून घेतली, खोजा समाजातल्या हजारो लोकांना तयार केले आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. मागणी वाढत गेली तशी जागा अपुरी पडत गेली. शेवटी १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. कधी काळी पोर्तुगीजांचा मठ आणि नंतर गव्हर्नरचे निवासस्थान असलेल्या त्या वास्तूत आता ओळीने चंबू मांडले गेले.

इथून पुढे हाफकिन हे संशोधक कमी आणि उत्पादन व्यवस्थापक जास्त होते. त्यांच्या हाताखाली जे लोक रस उकळत होते, चंबू सांभाळत होते, गळे ज्योतीवर धरून बाटल्या भरत होते, बुचे लावून लाखेने बंद करत होते, त्यांची नावे इतिहासात आलेली नाहीत. एखाद्या वेळी हात चुकला तर काय होईल, याचा अंदाज त्यातल्या कितीजणांना असेल? प्लेगचा जंतू दिसत नाही, तसा धनुर्वाताचाही दिसत नाही.

धनुर्वाताचे शास्त्र थोडे सांगायला हवे, कारण पुढचा सगळा वाद त्यावर फिरतो. हा जंतू मातीत आणि शेणात राहतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती टणक कवच तयार करतो. त्याला बीजाणू म्हणतात. प्लेगचे जंतू साधारण ६५ अंशांच्या उष्णतेने मरतात, धनुर्वाताचे बीजाणू त्याला दाद देत नाहीत. उकळत्या पाण्यातही ते बराच वेळ तग धरू शकतात. आजच्या कारखान्यात ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची वाफ १२१ अंशांवर निदान १५ मिनिटे ठेवतात, ती अशाच चिवट बीजाणूंना डोळ्यांसमोर ठेवून. कार्बोलिकच्या पाण्यात क्षणभर बुचकळल्याने ते मरत नाहीत, ज्योतीत लालबुंद केल्याने मरतात. आणि हवा नसलेल्या बंद बाटलीत, पोषक रसात, त्यांना वाढायला उत्तम जागा मिळते. वाढताना ते विष तयार करतात आणि त्याला उग्र दुर्गंधी असते.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने प्लेगविरुद्ध मोठी मोहीम आखली. लाखो मात्रा हव्या होत्या आणि त्या हिवाळ्याच्या आत हव्या होत्या. सहा आठवडे चंबू न हलवता ठेवण्याची पद्धत या वेगाला पुरी पडणार नव्हती. हाफकिन यांनी पद्धत बदलली. मांसरसाऐवजी घट्ट अगारवर जंतू वाढवायचे आणि ते पाण्याने धुऊन घ्यायचे. असे केले की लस कितीतरी लवकर तयार होते. शिवाय कार्बोलिक आम्ल गाळले. पाश्चर संस्थेतल्या अनुभवाचा आधार त्याला होता: उष्णतेने जंतू मेले असतील आणि पुढची सगळी हाताळणी निर्जंतुक असेल तर कार्बोलिकची गरज नाही.

या वाक्यातला दुसरा भाग फार मोठा आहे. परळमधली हाताळणी हाफकिन यांच्या नजरेखाली होती. पण बाटली तिथून निघून रेल्वेने पंजाबात, तिथून बैलगाडीने किंवा घोड्यावर एखाद्या गावात जाणार आणि धुळीच्या अंगणात उघडली जाणार. एका बाटलीतून अनेकांना लस टोचायची, म्हणजे एकदा बूच निघाले की आतल्या द्रवाला राखणदार कोणी नाही. कार्बोलिक हा तो राखणदार होता. त्याने बीजाणू मेले नसते हे खरे, पण वाढायला अटकाव झाला असता. आज औषधाच्या प्रक्रियेत असा बदल करायचा तर आधी बदलाचा अर्ज लागतो, धोक्याचे मूल्यमापन लागते, नव्या पद्धतीच्या सलग बॅचेस नीट उतरतात हे सिद्ध करावे लागते, लागू असेल तिथे नियामकाची मंजुरी लागते. १९०२ मध्ये हिंदुस्थानात लशीच्या उत्पादनासाठी नियामक नावाची चीजच नव्हती. मागणी वरून येत होती, बदल प्रमुखाने केला आणि बाटल्या निघाल्या.

मलकवाल हे गाव पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यात होते. हा आपला शेजारचा गुजरात नव्हे. तो भाग आता पाकिस्तानात आहे. ३० ऑक्टोबरला डॉ. एलियट यांनी तिथे पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचली. साधारण आठवड्याने, ५ आणि ६ नोव्हेंबरच्या सुमारास, काही लोकांचे जबडे आवळू लागले. आजारी पडलेल्या सगळ्या १९ जणांना ५३-एन या एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाकीच्या चार बाटल्यांमधली लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही. कोणत्या माणसाला कोणत्या बाटलीतली लस दिली हे त्या दिवशी नोंदवले गेले होते म्हणून एवढे तरी कळले. ती नोंद नसती तर सगळी लसच विषारी ठरली असती.

चौकशी आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स, त्यांच्याबरोबर दोन लष्करी डॉक्टर. बाटली परळमध्ये १९ सप्टेंबरला भरली गेली होती, म्हणजे उघडण्याच्या ४१ दिवस आधी. आयोगाचा निष्कर्ष असा की जंतू परळमध्येच, बूच लागण्याआधी शिरले. नवी पद्धत आणि कार्बोलिक गाळणे या गंभीर चुका होत्या. हाफकिन यांना पदावरून बाजूला करण्यात आले. १९०४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले. लंडनच्या लिस्टर संस्थेकडेही कागद गेले. जंतू नेमके कोणत्या टप्प्यावर शिरले हे सांगणे तिलाही शक्य झाले नाही. तरी सरकारची भूमिका हलली नाही आणि १९०६ च्या अखेरीस सगळे कागद प्रसिद्ध झाले, ते हाफकिन यांच्यावर दोष ठेवूनच.

कागद प्रसिद्ध झाले आणि चित्र पालटू लागले, कारण साक्षी आता जगातल्या जंतुशास्त्रज्ञांना वाचता आल्या. पडलेल्या चिमट्याची गोष्ट त्यात होती. बूच काढल्यावर डॉ. एलियट यांना कसलाही दुर्गंध आला नव्हता, हेही होते. धनुर्वाताचे जंतू ४१ दिवस बंद बाटलीत वाढत राहिले असते तर वास लपला नसता. तिसरा मुद्दा वेळेचा. इतके दिवस वाढलेल्या जंतूंनी बाटलीत भरपूर विष साठवले असते आणि ते थेट शरीरात गेल्यावर लक्षणे लवकर दिसली असती. इथे ती यायला आठवडा लागला, म्हणजे शरीरात गेले ते ताजे बीजाणू, जे आत गेल्यावर वाढले. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवत होत्या: परळकडे नव्हे, मलकवालच्या जमिनीकडे.

मलेरियाचा डासांशी संबंध सिद्ध करून नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. स्वतः हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत राबलेला हा माणूस सरकारी खात्याचा स्वभाव ओळखून होता. त्यांनी वृत्तपत्रांतून आणि नियतकालिकांतून सतत लिहिले. जुलै १९०७ मध्ये नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये संयुक्त पत्र छापून हाफकिन यांच्यावरचा आरोप सिद्ध तर झालेला नाहीच, उलट खोटा ठरतो, असे जाहीर केले. फ्रान्समधल्या ड्रेफस प्रकरणाची आठवण लोकांना झाली. तिथेही एका ज्यू अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवले होते. हाफकिन हे परदेशी, डॉक्टरकीची पदवी नसलेले आणि ज्यू. लष्करी डॉक्टरांच्या सेवेत बाहेरून येऊन वर बसलेला असा माणूस सगळ्यांना रुचत होता असे म्हणणे कठीण आहे. १९०७ च्या अखेरीस सरकारने त्यांना पुन्हा कामावर बोलावले.

पण आयोगाने विचारलेला प्रश्न सगळाच चुकीचा होता असे नाही, आणि हाफकिन यांच्या चाहत्यांनी लिहिताना हे बहुधा वगळले आहे. जानेवारी १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावी घटसर्पाची लस एकाच बाटलीतून टोचलेल्या २१ मुलांपैकी १२ मुले मेली. त्या बाटलीतही जंतुरोधक घातलेले नव्हते. वारंवार सुई जाऊन आत दुसरे जंतू शिरले आणि वाढले. तिथल्या शाही आयोगाने स्पष्ट शिफारस केली की जंतू वाढू शकतील असे औषध जंतुरोधकाशिवाय अनेक वेळा वापरायच्या बाटलीत देऊ नये. मलकवालच्या १९ मृत्यूंचे कारण परळमध्ये घडले नव्हते. तरी बाटली परळच्या दाराबाहेर पडली की आपली जबाबदारी संपली, असे मानायला जागा राहिली होती. घाईत गाळलेल्या अर्ध्या टक्क्याने ती जागा थोडी मोठी केली, असे म्हणता येईल.

याच काळात अमेरिकेतही धनुर्वातानेच धडा दिला होता. १९०१ मध्ये सेंट लुइस शहरात घटसर्पाच्या प्रतिविषाने १३ मुले दगावली. ते प्रतिविष ज्या घोड्याच्या रक्तातून काढले होते त्याचे नाव जिम. त्याला धनुर्वात झाला होता. सप्टेंबरच्या अखेरीस काढलेल्या रक्तातले काही द्रव ऑगस्टच्या तारखेचे लेबल लावून भरले गेले होते आणि तपासणी पुरी होण्याआधीच वाटले गेले होते. तिथल्या संसदेने १ जुलै १९०२ रोजी कायदा केला: लस आणि प्रतिविष बनवणाऱ्याला परवाना हवा, कारखान्याची तपासणी होणार, लेबल खरे हवे. मलकवालची घटना त्यानंतर चार महिन्यांनी घडली. अमेरिकेत दोष व्यवस्थेत शोधला गेला, हिंदुस्थानात एका माणसात. आपल्याकडे औषध उत्पादनाचा कायदा यायला १९४० साल उजाडले, आणि चांगल्या उत्पादनाचे नियम सांगणारे शेड्यूल एम त्याच्याही बरेच नंतर आले.

आज त्या शेड्यूलखाली काम करणारा उत्पादन तंत्रज्ञ पाळीवर आला की आधी अंगावरचे कपडे बदलतो, मग दुसऱ्यांदा बदलतो, हात धुतो, हातमोजे घालतो, आधीच्या बॅचचे एकही लेबल किंवा बाटली मशिनवर उरलेली नाही हे तपासून सही करतो. त्याच्या सहीखाली दुसऱ्याची सही लागते. ठरावीक काळाने त्याला औषधाऐवजी नुसता पोषक रस भरायला लावतात आणि त्या बाटल्या उबेत ठेवून त्यात काही उगवते का ते पाहतात. उगवले तर काम थांबते. प्रत्येक बॅचचे नमुने मुदत संपल्यानंतरही काही काळ जपून ठेवले जातात. या कामात कंटाळा भरपूर आहे आणि कागद त्याहून भरपूर. हाफकिन यांच्याजवळ ५३-एन ही बाटली कोणी, कधी, कशी भरली याचा असा दोन सह्यांचा कागद असता, तिच्या बरोबर भरलेली एक बाटली परळमध्ये सीलबंद राखून ठेवलेली असती, तर चार-पाच वर्षांचा वाद काही आठवड्यांत मिटला असता. आणि मलकवालच्या त्या सहायकाला चिमटा पडल्याचे लगेच सांगायची मुभा असती, तर वाद उद्भवलाच नसता. नोकरी जाईल या भीतीने चूक लपवणारा कामगार हा निर्जंतुक विभागातला सर्वांत मोठा धोका असतो. म्हणून चांगल्या कारखान्यात सांगणाऱ्याला शिक्षा करत नाहीत.

हाफकिन परत आले खरे, पण परळला नाही. तिथे दुसरे प्रमुख बसले होते आणि प्रयोगशाळेचे नावही १९०६ मध्ये बदलून बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झाले होते. त्यांना कलकत्त्याला नेमले. तिथे लस बनवण्याची सोय नव्हती. व्हरांड्यात तीन मदतनिसांसह लाखोंची लस उभी करणाऱ्या माणसाला कागदावरचे संशोधन करायला सांगितले गेले. पटकीच्या लशीत सुधारणा करण्याचे त्यांचे प्रस्ताव पुढे सरकले नाहीत. पहिले महायुद्ध पेटले त्या सुमारास, पंचावन्नच्या आसपास, ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले. लग्न त्यांनी केले नव्हते. उत्तरायुष्यात ते कर्मठ धर्माचरणाकडे वळले आणि आपली मिळकत पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांमधल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवून गेले.

परळमध्ये लस बनतच होती. १८९७ ते १९२५ या काळात तिथून २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या. १९२५ मध्ये तेव्हाचे संचालक मॅकी यांच्या पुढाकाराने प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. स्वित्झर्लंडमधून त्यांचे उत्तर आले. मुंबईच्या कामात आपल्या आयुष्याची सर्वांत चांगली वर्षे गेली आणि तिथल्या प्रत्येक गोष्टीबद्दल आपल्याला काय वाटते ते वेगळे सांगायची गरज नाही, अशा आशयाचे ते छोटेसे पत्र होते. मलकवालचा उल्लेख त्यात नव्हता. पाच वर्षांनी, २६ ऑक्टोबर १९३० रोजी, लोझान येथे त्यांचे निधन झाले.